विमान हँग होतंय, बॉस!

फिफ्टी... फॉर्टी... थर्टी... कॉकपिटमधला यांत्रिक आवाज उंची मोजतोय. समोर मुंबई विमानतळाची धावपट्टी २७, खाली घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांची दाटी, तुमच्या हातात जॉयस्टिक. आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं. फक्त अर्धा सेकंद. पडदा पुन्हा हलतो तेव्हा तुमची एअरबस धावपट्टीशेजारच्या गवतात नाक खुपसून बसलेली असते!

फ्लाइट सिम्युलेटरचं वेड असलेल्या प्रत्येकाने हा अर्धा सेकंद भोगलाय. मग सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये कटिंग घेताना हमखास प्रश्न येतो, ‘कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ रे?’ माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, ‘ते बघू नंतर. आधी सांग, अडतंय कुठं?’

कारण सिम्युलेटर हा चारचौघांसारखा गेम नाही, दोस्तहो. गोळीबाराच्या किंवा गाड्यांच्या गेममध्ये कार्ड दणकट असलं की निम्मं काम होतं. इथे मात्र चाळीस-पन्नास हजारांचं कार्ड लावूनही विमान बैलगाडीसारखं चालू शकतं. दोष कार्डाचा नसतो. त्याला काम देणाराच थकलेला असतो. तर आजचा फंडा प्रोसेसर आणि रॅमचा. कधी बदलायचे, कोणते घ्यायचे आणि कधी पाकिटाला हातही लावायचा नाही!

छळाची जुनी परंपरा

१९८२ साली मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर आणला. मूळ डोकं ब्रूस आर्टविक यांचं. पडद्यावर बघाल तर चार रेघा आणि दोन त्रिकोण. पण तेव्हाच्या पीसीला तेवढंही जड जायचं.

मग २००६च्या ऑक्टोबरात फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला. आपल्यातल्या अनेकांनी कॉलेजच्या दिवसांत पायरेटेड सीडीवर... जाऊ द्या, तो विषय नको! त्या एफएसएक्सने भल्याभल्या मशीन्सना घाम फोडला. प्रोसेसर कंपन्या तेव्हा एकाच कोअरचा वेग वाढवायचं सोडून कोअरची संख्या वाढवायला लागल्या होत्या, आणि एफएसएक्सचा मुख्य भार होता एकाच कोअरवर. २००७च्या सर्व्हिस पॅकने थोडं काम इतर कोअर्सवर वाटलं, पण मूळ दुखणं राहिलं. शिवाय तो ३२ बिटचा, म्हणजे ४ जीबीच्या पलीकडची मेमरी त्याला वापरताच यायची नाही. चार तास उडून उतरायची वेळ आली की ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून सगळं बंद. वैताग!

१८ ऑगस्ट २०२० रोजी नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला. फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने बनवलेला. नकाशांचा साठा दोन पेटाबाइट्सच्या वर, म्हणजे वीस लाख जीबीहून जास्त. तो इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने तुमच्याकडे येतो. अख्खी पृथ्वी, खरं हवामान, खरी रहदारी. ४ जीबीची भिंत गेली. पण ‘एकावरच भार’ हे दुखणं नव्या घरातही सोबत आलं.

आठ कारकून, एक साहेब

एखादं टिपिकल सरकारी ऑफिस डोळ्यांसमोर आणा. आठ कारकून, आठ टेबलं. फाइल लिहायची, टाचायची, झेरॉक्स काढायची ही कामं कुणीही करेल. पण सही साहेबांचीच लागते. साहेबांच्या टेबलावर फायलींचा ढीग आणि बाकीचे सात जण चहा पीत बसलेत. आता कारकून सोळा केले तर ढीग कमी होईल का? नाही. त्यासाठी साहेबांचाच हात पटापट चालायला हवा.

सिम्युलेटरमधल्या या साहेबांचं नाव ‘मेन थ्रेड’. विमान आत्ता कुठे आहे, पंखांवर किती जोर पडतोय, वारा कुठून येतोय, आसपासची विमानं कुठे आहेत, कॉकपिटमधल्या स्क्रीन्सवर काय दाखवायचं, खालच्या कोणत्या इमारती चित्रात घ्यायच्या... हे सगळं एका चित्रापुरतं नक्की झालं की मगच ग्राफिक्स कार्डला ऑर्डर जाते, ‘हं, आता रंगव!’ सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला मिळतात जेमतेम ३३ मिलिसेकंद. ६० हवी असतील तर १७सुद्धा नाहीत. साहेबांना सही करायला ४५ मिलिसेकंद लागत असतील, तर जगातलं सर्वांत महागडं कार्डसुद्धा कुंचला हातात घेऊन नुसतं उभं राहणार.

म्हणूनच सह्याद्रीवरून छोटं सेस्ना उडवताना सगळं मख्खन असतं आणि मोठं जेट घेऊन मुंबईवर आलं की वाट लागते. इमारती जास्त, विमानं जास्त, कॉकपिटमधले कॉम्प्युटर जास्त. म्हणजेच सह्या जास्त!

फुकटातली तपासणी

डॉक्टर आधी नाडी बघतो, मग औषध लिहितो. आपणही तसंच करायचं. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं.

पहिली तपासणी. २०२०च्या सिम्युलेटरमध्ये जनरल ऑप्शन्समध्ये जाऊन ‘डेव्हलपर मोड’ चालू करा. वरती एक पट्टी येईल, तिथल्या मेन्यूतून एफपीएस दाखवायला सांगा. कोपऱ्यात एक चौकट उघडेल आणि सरळ नाव घेऊन सांगेल, ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ की ‘लिमिटेड बाय जीपीयू’. गुन्हेगार स्वतःहून हजर!

दुसरी तपासणी. रिझोल्यूशन मुद्दाम कमी करा. चित्र लहान झालं की कार्डाचं काम हलकं होतं. तरीही एफपीएस जिथल्या तिथे असेल, तर अडथळा कार्डाचा नाही. ढांगेने वाढला, तर कार्डाचा आहे.

तिसरी तपासणी रॅमची. अर्धा तास उडा आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरीकडे बघा. रॅम काठोकाठ भरलीय आणि खाली ‘कमिटेड’चा आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच वर गेलाय? मग तुमचं मशीन रॅमचं काम एसएसडीवर ढकलतंय, आणि ते मध्येमध्ये बसणारे झटके त्याचेच असण्याची दाट शक्यता आहे.

एक सावधगिरी. त्याच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा ‘२५ टक्के’ असा आकडा बघून बिनधास्त होऊ नका. ती सगळ्या कोअर्सची सरासरी असते. साहेब मान मोडून सह्या करतायत, सात जण चहा पितायत, आणि हजेरीपट काय सांगतो? ऑफिसमध्ये काम कमी आहे!

दादाचं विमान

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर माझ्या आतेभावाची केस सांगतो. वयाने मोठा, म्हणून आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. डोंबिवलीला राहतो, बँकेत नोकरी. बारावीनंतर त्याला पायलट व्हायचं होतं. वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांची ती चित्रं समोर आली. त्यातले लपलेले आकडे बाकीच्या मुलांनी धडाधडा वाचले. दादाला नुसते ठिपके दिसले. लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही, हे घरात कुणाला तोवर माहीतच नव्हतं. विषय तिथेच संपला. त्यानंतर आत्याने घरात विमानाचं नावही काढू दिलं नाही. दादाने स्वतःहूनही काढलं नाही. वीस वर्षं.

लॉकडाऊनमध्ये सिम्युलेटर आला आणि हा माणूस पुन्हा उडायला लागला. रोज रात्री जेवणं झाली की एक फ्लाइट. एअरबसच्या चेकलिस्ट पाठ. हवामानाचे कोड तो क्रिकेटच्या स्कोअरसारखे वाचतो. इथे कुणी त्याला ठिपके दाखवत नाही.

मशीन २०१९चं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक काडी आणि नंतर घेतलेली वेगळ्या कंपनीची आणखी एक. २०२२मध्ये आरटीएक्स ३०६० कार्ड टाकलेलं. तरीही मोठ्या विमानातून मुंबईवर आला की २२ एफपीएस आणि वर झटके. उतरायच्या वेळी हमखास!

२०२४च्या दिवाळीत बोनस आला. त्यातले तीस हजार बाजूला पडले. वहिनींच्या मनात फ्रीज होता. पण त्यांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्याने माझ्यावरची जबाबदारी वाढली. ‘भाऊजी, फ्रीज मी पुढच्या वर्षी बघेन. पण तीस हजार घालून पुन्हा तसंच अडकणार असेल तर आत्ताच सांगा. विमान पडलं की ते काही बोलत नाहीत, नुसते पडद्याकडे बघत बसतात. मला ते बघवत नाही.’

आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानात दादाने मोबाइलवरचा टास्क मॅनेजरचा फोटो दाखवला. काउंटरवरचा पोरगा एकदम कॉन्फिडंट. ‘सर, प्रोसेसर तर अठ्ठावीस टक्केच चाललाय, झोपलाय तो! कार्ड बदला. तीसमध्ये होणार नाही, पण ईएमआय करून देतो.’ दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ‘दादा, आधी घरी चल. चहा पिऊ आणि मोजू.’

घरी चौकट उघडली. लिमिटेड बाय मेनथ्रेड. रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणलं. २२चे झाले २३. म्हणजे झोपलं होतं ते कार्ड! रॅम बघितली तर १६पैकी १५च्या वर भरलेली आणि कमिटेड २४च्या आसपास. दोन्हीकडे आजार.

मग आधी फुकटचं औषध दिलं. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल २००वरून १००वर. विमानतळावरच्या गाड्या आणि इतर विमानांची गर्दी निम्मी. कॉकपिटच्या स्क्रीन्स ताज्या होण्याचा वेग एक पायरी खाली. हे सगळं प्रोसेसरच्या डोक्यावरचं ओझं. ढग, सावल्या, रेंडर स्केलिंग ही कामं मुख्यतः कार्डाची, त्यांना हात लावला नाही. २२चे २७ झाले. चित्र सुधारलं, पण झटके गेले नाहीत. आता खरेदीला अर्थ होता.

मिसळणाचा डबा

प्रोसेसर निवडताना बहुतेक जण गिगाहर्ट्झ आणि कोअर मोजतात. सिम्युलेटरसाठी तिसरा आकडा बघा. कॅश. म्हणजे चिपच्या आतच असलेली छोटी, प्रचंड वेगवान मेमरी.

सोपं करून सांगतो. आई फोडणी देते तेव्हा मोहरी, हिंग, हळद हाताशी असलेल्या मिसळणाच्या डब्यात असते. हा डबा म्हणजे कॅश. डब्यातलं संपलं की फडताळ उघडायचं. ती रॅम. फडताळातही नसेल तर चप्पल घालून वाण्याकडे. ती एसएसडी. गॅसवर तेल तापलंय आणि आई प्रत्येक जिन्नसासाठी फडताळाकडे धावतेय असं समजा. हाताचा वेग कितीही असो, फोडणी करपणारच.

सिम्युलेटर विमान, हवा, इमारती, रहदारी अशा शेकडो याद्या सतत चाळत असतो. त्या डब्यात मावल्या नाहीत की प्रोसेसर फडताळाकडे पळतो, आणि तिकडे जायला डब्यापेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. दादाच्या रायझन ५ २६००मध्ये एल३ कॅश होती १६ एमबी. एएमडीने एप्रिल २०२२मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला, त्यात नेहमीच्या ३२ एमबीच्या डोक्यावर ६४ एमबीचा आणखी एक मजला चढवला होता. एकूण ९६! कागदावर त्याचा वेग भावंडांपेक्षा कमी, तरी सिम्युलेटरवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. जानेवारी २०२४मध्ये त्याचा स्वस्त भाऊ ५७००एक्स३डी आला. वेग जरा कमी, मजला तोच.

आणि सगळ्यांत भारी गोष्ट? हे दोघंही एएम४ सॉकेटमध्ये बसतात. म्हणजे दादाचा २०१९चा बी४५० मदरबोर्ड तसाच ठेवायचा. बोर्ड नवा नाही, विंडोजचा नवा संसार नाही. ५७००एक्स३डी, ३२ जीबी रॅम आणि एक बरासा कूलर, सगळं तीस हजारांत. कूलर वेगळा का? या चिपसोबत बॉक्समध्ये कूलर येत नाही, आणि जुन्या चिपचा छोटा पंखा १०५ वॉटच्या या पाहुण्याला कमी पडतो.

रॅमचे तीन नियम

पहिला नियम पोटाचा. रॅम कमी असेल तर झटके बसतात, पुरेशी असेल तर जास्तीची नुसती पडून राहते. २०२०च्या सिम्युलेटरसाठी कंपनीने किमान ८, शिफारस म्हणून १६ आणि आदर्श म्हणून ३२ जीबी सांगितली होती. १९ नोव्हेंबर २०२४ला आलेल्या नव्या आवृत्तीसाठी हेच आकडे १६, ३२ आणि ६४ आहेत. ३२ बसवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये २२ वापरली जात असेल, तर ६४ घेऊन एफपीएस वाढणार नाही. फक्त मित्रांमध्ये भाव वाढेल!

दुसरा नियम जोडीचा. १६ची एक काडी घेण्यापेक्षा ८च्या दोन बऱ्या. दोन काड्या दोन वेगळ्या वाटांनी प्रोसेसरशी बोलतात. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघाच. आणि जोडी एकाच पाकिटातली घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काड्या बऱ्याचदा नांदतात, पण दोघींतल्या हळू चालणारीच्या वेगाने.

तिसरा नियम वेगाचा, आणि इथे अनेकांचे पैसे वाया जातात. डब्यावर ‘३२००’ लिहिलंय म्हणून रॅम आपोआप ३२००ने चालत नाही. बसवल्यावर ती बहुधा २१३३ किंवा २४००, २६६६ अशा साध्या चालीने सुरू होते. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो, काही एएमडी बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. एक क्लिक, शून्य रुपये. तुमच्या आत्ताच्या मशीनवर तो चालू आहे का, हे आज रात्रीच बघा.

रविवारचं ऑपरेशन

प्रोसेसर बदलायला इंजिनिअर लागत नाही, धीर लागतो. क्रम मात्र चुकवायचा नाही.

सर्वांत आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अपडेट करायचं. मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर कोणता प्रोसेसर कोणत्या बायॉसपासून चालतो याची यादी असते. नवी चिप आधी बसवली आणि बायॉस जुनं राहिलं, तर पडदा काळा तो काळाच. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस असलेलं बरं. डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको!

दुसरं, विंडोजचं बिटलॉकर चालू आहे का ते बघायचं आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायची. प्रोसेसर बदलला की त्याच्या आतली सुरक्षेची किल्ली बदलते, आणि विंडोज तुम्हालाच चोर समजून दारात अडवू शकतं. आतमध्ये बँकेची कागदपत्रं आणि मुलांचे फोटो असतील तर हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

तिसरं, एएम४वाल्यांसाठी खास. या चिपला खाली बारीक पिना असतात आणि वर्षानुवर्षं सुकलेली पेस्ट तिला कूलरला चिकटवून ठेवते. कूलर सरळ वर ओढला तर लॉक बंद असतानाही चिप सॉकेटमधून उपटून येऊ शकते. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनला कामाला लावून गरम करा, मग बंद करा, प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. पोळीवर तूप लावतात तशी थापू नका.

आम्हाला दीड तास लागला. त्यातला अर्धा तास दादा नुसता हात पुसत होता.

मशीन सुरू झालं. एक्सएमपी चालू केलं. तेच विमान, तीच धावपट्टी २७, तेच सेटिंग. २७चे ४१ झाले. रॅम २१वर स्थिर. टेरेन पुन्हा १५०वर नेलं, गर्दी पूर्ववत केली, तरी आकडा ३५च्या खाली येईना. मग आम्ही तो ३०वर बांधून टाकला. दादा म्हणाला, ‘अरे, मिळतायत तर कमी का करतोस?’ कारण डोळ्याला आकड्यापेक्षा लय जास्त कळते. घडीत ४५, घडीत ३३ असं होण्यापेक्षा अखंड ३० बरे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं, धक्का नाही.

फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी... आणि चाकं टेकली. दादा काही बोलला नाही. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि आत चहा टाकायला गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी आत्या तिकडे राहायला आली होती. ती दादाच्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, ‘काय रे, वरून आपलं घर दिसतं का?’ वीस वर्षांत विमानाबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. दादाने सेस्ना काढलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दापोलीकडे नेलं. घर काही सापडलं नाही. सिम्युलेटर उपग्रहाच्या फोटोंवरून इमारतींचा अंदाज बांधतो, त्याने आमच्या वाडीत भलतेच बंगले उभे केले होते. पण आंजर्ल्याची खाडी बरोबर जागेवर होती. आत्याने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, ‘ही इथून होडी सुटायची.’

आज खरेदीला निघालात तर...

बाजार दादाच्या वेळचा राहिलेला नाही. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटर्सची मेमरीची भूक वाढली आणि रॅमचे भाव जगभर भडकले. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने आपला ‘क्रूशल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा ‘असू दे जास्तीची’ म्हणून रॅम घेण्याचे दिवस गेले. मोजा, मगच घ्या. निघण्यापूर्वी एवढं बघा :

• एएम४ बोर्ड असेल तर एक्स३डी चिप शोधा. नवी मिळाली तर उत्तम. जुनी घेत असाल तर पिना भिंगाखाली तपासा आणि चालवून दाखवायला सांगा.

• इंटेलवाल्यांनी सॉकेट बघावं. १०वी-११वी पिढी एलजीए १२००वर, १२वी ते १४वी एलजीए १७००वर. १२वीचा आय३ किंवा आय५ असेल तर त्याच बोर्डावर वरचा प्रोसेसर बसू शकतो. बोर्डाची यादी मात्र आधी वाचा.

• डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी घ्यायचा मोह झाला तर बोर्ड आणि रॅम दोन्ही नवे लागतील. तो अपग्रेड नाही, नवा संसार आहे.

• लॅपटॉपचा प्रोसेसर सहसा बोर्डावरच डकवलेला असतो, तो विसरा. रॅमची खाच आहे का ते बघा. काही पातळ मॉडेल्समध्ये तीही नसते.

• चौकटीत ‘लिमिटेड बाय जीपीयू’ आलं तर हा लेख बाजूला ठेवा. तुमचा आजार वेगळा, तुम्हाला खरंच कार्ड हवंय.

• ‘फ्रेम जनरेशन’ची जाहिरात वाचून हुरळू नका. दोन खऱ्या चित्रांच्या मधे कार्ड एक स्वतः बनवलेलं चित्र घालतं. आकडा फुगतो, डोळ्याला मऊ दिसतं, पण साहेबांच्या सह्या तेवढ्याच आणि जॉयस्टिकला विमान पूर्वीच्याच सुस्तीने उत्तर देतं.

आणि दुकानदाराने ‘सर, प्रोसेसर झोपलाय’ म्हटलं, तर हसून थँक्यू म्हणा आणि घरी जाऊन चौकट उघडा. दादाच्या घरी यंदा फ्रीजही आलाय, मी पार्टी घेऊन आलोय!